तिसऱ्या मजल्यावरचा मळा

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता शरच्चंद्र मेणवलीकर सांगलीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून, "आज पहाटे मळ्यात पाऊल टाकलं आणि दवानं पाय भिजले," हे वाक्य लिहीत होते. पाय कोरडे होते. त्यांत रबरी स्लिपर होत्या, कारण पत्नी पद्माताईंनी नुकतीच फरशी पुसून घेतली होती. फाल्गुनात सांगलीला दव पडतं की नाही, याची चौकशी त्यांनी केली नव्हती. अकरा वर्षांत असल्या चौकशीची वेळच कधी आली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीच्या सेक्रेटरी राजेश्वरीबाई बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज थंड होता. राजेश्वरीबाई ओरडत असल्या की माणसानं निर्धास्त राहावं. आवाज थंड झाला की चपला घालाव्यात, असं सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"शरच्चंद्रराव, तुमच्याकडे पाहुणे आलेत."

"किती जण?"

"दोन माणसं, दोन घोडी, तीन कुत्री. मेंढ्या अजून मोजतेय."

मेंढ्या एकशे ऐंशी निघाल्या. त्यातल्या निम्म्या पार्किंगमध्ये होत्या आणि उरलेल्या, महापालिकेच्या उद्यान स्पर्धेसाठी राजेश्वरीबाईंनी सहा महिने खपून वाढवलेल्या हिरवळीवर. हिरवळ हा शब्द आता केवळ सवयीनं वापरायचा. जास्वंदीचं शेवटचं पान एका काळ्या मेंढीच्या तोंडातून खाली लोंबत होतं आणि हळूहळू आत चाललं होतं.

गेटापाशी लाल पागोट्यातले नानासो उभे होते. शेजारी हातात मोबाइल धरून त्यांच्या बायको तानुबाई. शरच्चंद्रांना गॅलरीत बघून नानासोंनी दोन्ही हात जोडले आणि खालून मोठ्यानं विचारलं, "रामराम! रान कुठल्या अंगाला हाय वं?"

या प्रश्नावर शरच्चंद्रांनी काय करावं? त्यांनी आधी उजवीकडे बघितलं. मग डावीकडे बघितलं. मग, का कोण जाणे, वर बघितलं. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी हे सगळं चौदा सेकंद टिपून घेतलं, आणि दुपारच्या चहापर्यंत सांगली ते सातारा असा एकही मोबाइल उरला नाही ज्यावर शरच्चंद्र मेणवलीकर आपला मळा आभाळात शोधत नव्हते.

आता हे नानासो आले कसे, ते सांगायला हवं. शरच्चंद्र 'दैनिक संगमवार्ता'त दर रविवारी 'बांधावरून' नावाचा स्तंभ लिहीत. त्यात त्यांचा एक हळदीचा मळा होता, मळ्यात विहीर होती, विहिरीवर आंबा होता आणि पलीकडच्या बांधाला बापू नावाचे मिश्कील शेजारी होते. बापू गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडले तेव्हा सतरा वाचकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती. यातलं काहीच कुठं नव्हतं. शरच्चंद्रांची सारी नोकरी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेलेली. शेताला पाणी देणं म्हणजे कागदावर सही करणं, इतकाच त्यांचा आणि शेताचा संबंध. पण खोटं बोलावं म्हणून त्यांनी हे केलं नव्हतं. पहिल्या लेखात 'माझा मळा' असं एकदा लिहून गेलं, लोकांना आवडलं, आणि मग दर रविवारी त्या मळ्याची उस्तवार करणं भागच पडलं.

नानासो मात्र खरे होते. दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाताना सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ शरच्चंद्रांनी त्यांचा कळप बघितला, गाडी थांबवली, तानुबाईंच्या हातचा चहा घेतला आणि आपलं कार्ड दिलं. हे जोडपं जतच्या बाजूचं. तिकडे पाणी कमी, म्हणून दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडायचं आणि मोकळ्या रानात कळप, म्हणजे त्यांच्या भाषेत वाडा, बसवत फिरायचं. रात्रभर मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळतं, शेतकरी ज्वारी देतो, आणि कळप पुढच्या रानात जातो. यात लिखापढी नसते. शेतकरी म्हणतो "या", मेंढपाळ म्हणतो "येतो", आणि त्या दोन शब्दांवर दुसऱ्या सगळ्या रानांना नकार जातो.

आणि शरच्चंद्रांनी दीड आठवड्यापूर्वीच्या लेखात लिहिलं होतं, "नानासो, हळद निघाली, रान मोकळं झालंय. मेंढ्या घेऊन या. वाट बघतोय." परिच्छेदाला शेवट हवा होता म्हणून लिहिलं होतं.

तानुबाईंनी तो लेख मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवला. नानासोंनी खंडाळ्याच्या एका बागायतदाराचं पंधरा दिवसांचं रान नको म्हणून सांगितलं. कार्डावरचा पत्ता विचारत विचारत ते दोघं खंडाळ्याहून अकरा दिवस चालत सांगलीला आले.

शरच्चंद्र खाली उतरले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांनी एक नवी सबब तयार केली आणि पुढच्या पायरीवर टाकून दिली. तळाला पोचल्यावर एकही शिल्लक नव्हती.

"नानासो," ते म्हणाले, "मला मळा नाही."

तानुबाईंनी मोबाइल पदरात गुंडाळला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शरच्चंद्रांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"बरं," नानासो म्हणाले. "मग मेंढरं कुठं बसवायची?"

"तुम्ही परत खंडाळ्याला..."

"त्या रानात दुसरा वाडा बसला. त्यो मालक कशापायी थांबंल?" नानासोंनी कळपाकडे बघितलं. "अकरा दिस चाललीत. कोकरं दमल्याती. आता माघारी न्हेत न्हाई."

पद्माताई चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी तानुबाईंना खुर्ची दिली, नानासोंना खुर्ची दिली, आणि नवऱ्याला काहीच दिलं नाही.

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नसतो. पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, मेंढ्यांना रांगेत उभं करून शिट्टी वाजवावी, असं सुचवलं आणि शिट्टीही आणून दिली. दुसऱ्या एकानं प्राणिसंग्रहालयाला फोन लावायला सांगितलं. राजेश्वरीबाईंनी ताबडतोब असाधारण सभा बोलावली. कोरम मेंढ्यांच्या मधूनच भरला. फक्त जिने झाडायला येणाऱ्या रंगुबाईंनी खराटा टेकवून वेगळंच मत दिलं. "आवं, ह्या लेंड्या लोटून दिऊ नगा. रानात टाकाय लोकं मागत फिरत्यात." त्यांच्याकडे सभेनं दुर्लक्ष केलं. पण त्या संध्याकाळी सभेतले चार सभासद एकमेकांना चुकवत, हातात खुरपं आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये फिरताना दिसले, आणि त्यात राजेश्वरीबाई होत्या.

सोसायटीच्या मागं महापालिकेचा एक रिकामा भूखंड आहे, उद्यानासाठी राखून ठेवलेला. गेली वीस वर्षं तिथं गवत आणि पाटी, दोन्ही उभी आहेत. तिथं मेंढ्या ठेवायला परवानगी मागायची म्हणून शरच्चंद्र प्रभाग कार्यालयात गेले. खिडकीतल्या लिपिकानं अर्जांचा गठ्ठा चाळला.

"मंडप आहे, सर्कस आहे, मिरवणूक आहे. मेंढ्या नाहीत."

"मग?"

"मिरवणुकीत घालू. सहभागी किती?"

"एकशे ऐंशी."

"ढोल-ताशा?"

"नाही."

"तसं हमीपत्र लागेल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावणार नाही, वर्गणी सक्तीनं गोळा करणार नाही, आणि मिरवणूक ठरल्या वेळेत संपवीन." लिपिकानं मान वर केली, चेहरा न्याहाळला आणि मोबाइल काढून चौदा सेकंद खाली बघत राहिला. "तुम्हीच का ते?"

आयुष्यभर ज्या खुर्चीत बसून शरच्चंद्रांनी लोकांना 'उद्या या' म्हणून सांगितलं, तसल्याच खुर्चीसमोर उभं राहून ते म्हणाले, "हो. मीच." रविवार संध्याकाळपर्यंतची परवानगी मिळाली. भूखंडावरचं गवतही तेवढ्याच दिवसांचं होतं.

म्हणजे हातात तीन दिवस. तीन दिवसांत नानासोंच्या मेंढ्यांना पंधरा दिवसांचं रान मिळवून द्यायचं. नाहीतर उपाशी कळप घेऊन त्या दोघांना भर उन्हाचं जतला चालत जावं लागणार, आणि तिकडे या दिवसांत ना पाणी ना पाला.

शुक्रवारी सकाळी सहव्यवसायी बंधू जागे झाले.

पहिले सुमंत. सुमंत साताऱ्याचे; याच दैनिकात रोज 'चिमटा' लिहितात आणि शरच्चंद्रांचे तीस वर्षांचे मित्र आहेत, त्यामुळे कुठं चिमटा काढला की जास्त दुखतं हे त्यांना नेमकं माहीत. त्यांनी लिहिलं, "आमच्या एका बंधूंच्या मळ्याला लिफ्ट आहे. विहिरीला मोटर नाही, तिला कॉक आहे. तो डावीकडे फिरवला की गरम पाणी येतं. बापूंना आमचा नमस्कार. ते बहुधा चौथ्या मजल्यावर राहत असावेत." सातारा आवृत्ती त्या दिवशी सकाळी आठलाच संपली.

मग मुकुल. हे 'पहाटवाट' नावाचा प्रभातफेरीचा स्तंभ लिहितात. त्यांनी लिहिलं, "गुरुवारी पहाटे साडेपाचला कृष्णाकाठानं चालताना समोरून तो कळप आला. धुक्यात एकशे ऐंशी प्रश्नचिन्हं चालली होती." शरच्चंद्रांनी हे दोनदा वाचलं. कळप साडेदहाला आला होता, धुकं नव्हतं, आणि मुकुल नऊच्या आत उठलेले त्यांच्या आईनंही बघितले नसावेत.

शनिवारी भार्गवी. तिच्या 'चुलीवरचं' या स्तंभात खास पाककृती आली, कागदी हळदीची भाजी. "पाव किलो कल्पना बारीक चिरून घ्या. चवीपुरती आठवण घाला. सत्य नसल्यास चालेल. मंद आचेवर अकरा वर्षं शिजवा." भार्गवीच्या घरी चूल नाही. शेगडीसुद्धा काचेची आहे, आणि तिच्यावर बहुतेक वेळा चहाच होतो.

शुक्रवारीच दुपारी संपादकांचा फोन आला होता. अमृत तरुण, पेपर वडिलांकडून आलेला, वाईट बातमी गोड आवाजात द्यायची पद्धतही वडिलांकडूनच. "काका, थोडी विश्रांती घ्या ना. वाचक जरा... हसताहेत."

"माझा स्तंभ वाचून लोकांनी हसावं अशी माझी पहिल्यापासून इच्छा होती रे."

"तसं नाही, काका," अमृत म्हणाला, आणि स्तंभ बंद झाला.

त्याचं दुःख झालंच. अकरा वर्षांचा रविवार रिकामा झाला म्हटल्यावर कुणाला होणार नाही? पण त्याहून वाईट म्हणजे, गॅलरीत गेलं की खाली भूखंडावर तानुबाई दिसायच्या. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत असायच्या, आणि मान वर करून हसायच्या. शरच्चंद्रांनी गॅलरीत जाणं सोडलं आणि पद्माताईंच्या स्कूटरवर मागं बसून रान शोधायला निघाले.

पद्माताई स्कूटर चालवत होत्या, कारण शरच्चंद्रांना कच्च्या रस्त्यावर चालवता येत नाही. त्यांच्या मळ्याकडे जाणारा रस्ता नेहमी डांबरी असे. पहिल्या गावातल्या शेतकऱ्यानं त्यांना ओळखलं, खाटेवर बसवलं, ताक दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"रान हाय मोकळं. पन तुमी लेखक मानूस. मेंढरं खरी कशावरनं?"

"अहो, व्हिडिओत दिसतात ना!"

"आवं, त्या व्हिडिओतबी तुमीच हाय न्हवं?"

दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्यानं सांगितलं की, तुमी लेखात सांगितलेलं सगळं मी नेमानं उलट करतो, आणि पीक झकास येतं, तवा उपकार हायती तुमचे. पन रान दिलंय दुसऱ्या वाड्याला. तिसऱ्या ठिकाणी तर मालकानं त्यांना बापूंचा फोन नंबर मागितला. त्याला बापूंकडूनच खात्री करून घ्यायची होती.

शनिवारी संध्याकाळी शरच्चंद्र लिहायला बसले ते पेटून. त्यांनी मुकुलचं साडेपाच लिहिलं, भार्गवीची काचेची शेगडी लिहिली, आणि सुमंत गेली चार वर्षं 'आज चौकात ऐकलेलं' म्हणून जे छापतात ते सगळं त्यांच्या मेव्हण्याकडून फोनवर येतं, हेही लिहिलं. शेवटचं वाक्य तर असं उतरलं होतं की तिघांनी पुन्हा लेखणी हातात धरली नसती. स्पर्धक पेपरानं हे पहिल्या पानावर घेतलं असतं. त्यांनी तो मजकूर पद्माताईंना वाचायला दिला.

पद्माताईंनी चष्मा लावून सावकाश वाचला. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "यात मेंढ्यांना रान कुठं मिळतंय?"

"रान?"

"उद्या रविवार आहे. संध्याकाळी मिरवणूक संपते तुमची." त्यांनी कागद परत दिले. "त्या बाईनं आज मला भाकरी दिली, अहो. तिच्या मेंढ्यांचं गवत संपत आलंय, आणि मला भाकरी."

लेख खरोखरच उत्तम झाला होता, आणि हे शरच्चंद्रांना सर्वांत जास्त छळत होतं. मग त्यांनी ते कागद फाडले, आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून अमृतला पाठवल्या. "मला मळा नाही. कधीच नव्हता. बापूही नाहीत, क्षमस्व. पण नानासोंच्या मेंढ्या खऱ्या आहेत आणि माझ्या शब्दावर आल्यात. कुणाचं रान मोकळं असेल तर कळवा." खाली नाव आणि फोन नंबर.

अमृतनं उत्तर पाठवलं, "काका, रविवारची पानं गेली. सोमवारी बघू."

सोमवारी मेंढ्या कुठं असणार होत्या? शरच्चंद्र त्या रात्री झोपले नाहीत, आणि त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी सात वाजता दाराची बेल वाजली. दारात एक आडदांड गृहस्थ उभे होते, पायात मातीचे बूट, हातात गुंडाळलेला पेपर.

"मी धनाजी. माधवनगरास्नं आलोय. हितंच व्हय ती मेंढरं?"

"कुठं वाचलंत?"

धनाजीनं पेपर उलगडला. सुमंतांचा 'चिमटा' होता. सुमंतांनी शेवटचा घाव घातला होता. "विश्रामबागेत आमच्या एका बंधूंच्या सोसायटीमागं, महापालिकेच्या राखीव भूखंडावर, एकशे ऐंशी मेंढ्या तीन दिवस अहोरात्र शुद्ध खत टाकत आहेत. जगात रान नसलेला हा एकमेव वाडा. आमच्या बंधूंच्या मळ्यात जागा नसल्यामुळे यंदा महापालिकेचीच हळद जोरात येणार!"

"तीन दिस!" धनाजी कळवळून म्हणाला. "आवं, महापालिकेच्या गवतात! चार वर्षं झाली, आमच्या रानाभवती घरं उठली, तवापास्नं एक वाडा हिकडं फिरकंना. हळद निगालीया, एकरभर रान मोकळं पडलंय. ही मेंढरं मला पायजेत."

शरच्चंद्रांनी काही म्हणायच्या आत जिन्यात आणखी पावलं वाजली. कवठ्याकडचे दोघे भाऊ पेपर घेऊन आले होते. त्यांच्यामागं परवाचे, मेंढरं खरी कशावरनं विचारणारे शेतकरी. पेपरात आलं म्हणजे खरी असणार, असं त्यांना आता वाटत होतं. नऊ वाजेपर्यंत फोन सतरा वेळा वाजला. त्यातला एक प्रभाग कार्यालयातल्या लिपिकाचा होता. त्याच्या मेव्हण्याचं मिरजेजवळ रान होतं.

सोसायटीच्या जिन्यात सात शेतकरी आधी कोण आलं यावरून भांडू लागले. राजेश्वरीबाई बाहेर आल्या, वातावरण बघितलं, आतून सभेचं रजिस्टर आणलं आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. मुख्याध्यापकांनी संधी साधून शिट्टी वाजवली. पाडव्यापर्यंत धनाजीचं रान, मग कवठं, मग मिरज, अशा तारखा पडत पडत थेट जतच्या वाटेपर्यंत कळपाची सोय लागली. नानासो पायरीवर बसून हे बघत होते.

"साहेब," ते शरच्चंद्रांना म्हणाले, "इतकी रानं मला माज्या बापजन्मात कवा मिळाली न्हाईत."

संध्याकाळी, परवानगीच्या मुदतीत, ध्वनिक्षेपक न लावता मिरवणूक माधवनगरकडे निघाली. पुढं घोडी, मध्ये मेंढ्या, आणि सर्वांत मागं पद्माताईंची स्कूटर.

सोमवारी सकाळी शरच्चंद्र धनाजीच्या रानात गेले. अमृतनं त्यांच्या चार ओळी पहिल्या पानावर चौकटीत छापल्या होत्या आणि सकाळीच फोन केला होता, "काका, या रविवारपासून लिहा. वाचक विचारताहेत, मेंढ्यांचं काय झालं." मेंढ्या रानात पसरल्या होत्या. हळदीचा पाला आणि ओल्या मातीचा वास येत होता. अकरा वर्षं ज्या जागेवरून ते लिहीत होते त्या जागी, म्हणजे बांधावर, शरच्चंद्र मेणवलीकर आयुष्यात पहिल्यांदा बसले, आणि दुसऱ्या क्षणाला ताडकन उठले. बांधावर मुंगळे असतात, हे त्यांच्या एकाही लेखात आलेलं नाही.

तानुबाई पोट धरून हसल्या. मग त्यांनी घोंगडं झटकून अंथरलं आणि चहा पुढं केला. चहा पोटात गेल्यावर शरच्चंद्रांना वाटलं, आता बोलायला हवं.

"तानुबाई, मी तुम्हाला फसवलं. माझ्याकडे मळा आहे असं समजून तुम्ही अकरा दिवस चाललात."

"कुनी सांगितलं?" तानुबाई म्हणाल्या. "मळा न्हाई त्ये आमास्नी ठावंच हुतं."

"ते कसं?" शरच्चंद्रांनी पेला खाली ठेवला.

"आवं, दोन वर्सांमागं खंडाळ्यात तुमी आमच्या काळ्या मेंढीच्या पाटीवर हात फिरवला आन इचारलं, ही शेळी दूध किती देती? तवाच वळाकलं, ह्या मानसाचं शेतीचं काय खरं न्हाई."

"मग आलात कशाला?" शरच्चंद्रांनी विचारलं.

तानुबाईंना प्रश्नच विचित्र वाटला असावा. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. उत्तर नानासोंनी दिलं. "तुमी या म्हनला न्हवं? मळा नसंल, पन शब्द तर तुमचाच हुता. मानूस शब्द दितो म्हंजी काय तर करतोच की." मग समोरच्या मेंढ्यांकडे हात करून म्हणाले, "केलंसा न्हवं?"

शरच्चंद्रांनी पेला उचलून चहा प्यायल्याचा आव आणला. पेला रिकामा होता.

अकराच्या सुमाराला एक गाडी येऊन थांबली आणि सुमंत, मुकुल, भार्गवी उतरले. पुढच्या विनोदाला खाद्य मिळतं का बघायला आलो, असं सुमंत म्हणाले, पण शरच्चंद्रांच्या नजरेला नजर देईनात. पत्ता आपण मुद्दाम छापला होता, मित्रासाठी, असं ते आजही सांगतात. शरच्चंद्रांचा त्यावर अजिबात विश्वास नाही. पण तो 'चिमटा' त्यांनी कापून, पेटीत जपून ठेवला आहे. भार्गवी तीन दगडांच्या चुलीपुढं बसली आणि धुरानं डोळे चोळत तानुबाईंना विचारू लागली, हा जाळ कमी कसा करायचा. मुकुलला ऊन लागत होतं. त्यांनी नानासोंना विचारलं की, कळप पहाटे किती वाजता उठतो. "चारला," नानासो म्हणाले. "या की उद्या." मुकुलनी घाईघाईनं विषय बदलला. शरच्चंद्रांनी तिघांना बांधावर बसायचा आग्रह केला. तिघेही बसले. मग सगळे बराच वेळ हसत होते.

त्या आठवड्यात शरच्चंद्रांनी लेख लिहिला. त्यात मुंगळे आले, हमीपत्र आलं, राजेश्वरीबाईंची पिशवी आली. मेंढीला शेळी म्हटल्याचंही आलं. बापू मात्र आले नाहीत, आणि त्यांची किंचित आठवण आली. शेवटच्या परिच्छेदाशी ते अडले. शेवट चांगला हवा होता. त्यांनी लिहिलं, "नानासो, पुढच्या फाल्गुनात पुन्हा या. रान मोकळं असेल. वाट बघतोय."

लिहिलं आणि थांबले. ते वाक्य त्यांनी खोडलं.

"काय झालं?" पद्माताईंनी आतून विचारलं.

शरच्चंद्रांनी फोन उचलला आणि धनाजीचा नंबर लावला. पुढच्या वर्षी हळद कधी काढणार, रान नक्की मोकळं असेल ना, दुसऱ्या कुणाला शब्द तर दिला नाही ना, सगळं नीट विचारून घेतलं. धनाजी म्हणाला, "या की. मी वाट बगतो."

मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा लिहिलं.